सूत्रातला डावा कंस

मी एक जुना कंस आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. मी कोणाच्याही भाच्यांच्या वाटेला कधी गेलेलो नाही. मी लाकडाचा आहे, बोटभर उंच आणि पाठीत थोडा वाकलेला. रसायनशास्त्राच्या सूत्रांत उभे राहणे हा माझा व्यवसाय. सूत्रात मी डावीकडे उभा राहतो आणि उजवीकडे माझा भाऊ असतो. तोही माझ्यासारखाच वाकलेला, फक्त त्याचे तोंड माझ्याकडे. आमच्या दोघांच्या मध्ये जे कोणी येईल त्याला आम्ही सांभाळतो. मला एकट्याला काहीच करता येत नाही आणि त्यालाही येत नाही, म्हणून आमच्यात भांडणे फारशी होत नाहीत.

आमचा मुक्काम शाळेच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात, एका लाकडी पेटीत आहे. वरच्या कप्प्यात बर्नर आहेत आणि खालच्या कप्प्यात परीक्षानळ्यांच्या घोड्या. हल्ली समोरच्या भिंतीवर पडदा आला आहे. त्यावर रंगीबेरंगी आयन येतात, उड्या मारतात, एकमेकांना चिकटतात आणि आपोआप सूत्र तयार होते. पेटीच्या फटीतून मी ते पाहिले आहे. छान नाचतात. मला त्यांचा राग येत नाही, कारण पडदा पाहूनही एखादे मूल अडलेच, तर पेटी अजूनही खाली काढतात. माझे दिवस बरे चालले आहेत. पण एके काळी आम्हा दोघांपायी एका मुलीची शाळा सुटायची वेळ आली होती. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म स्वयंपाकघरात झाला. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंच्या घरी, त्यांच्या सासूबाईंची पिठाची चाळण होती. तिचे कडे लाकडी होते आणि त्या कड्याचा मी एक भाग होतो. चाळणीची जाळी फाटली, कोंडाही पिठात पडू लागला, तेव्हा सासूबाईंनी तिला दारामागच्या खिळ्याला अडकवले. "राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल," असे त्या म्हणाल्या. घरातल्या माणसांनी मान डोलावली आणि सगळे चाळण विसरून गेले.

बाईंचे सासरे घड्याळे दुरुस्त करीत. दुकान बंद केले तरी डोळ्याला भिंग लावायची त्यांची सवय गेली नव्हती. एक दिवस बाई मुलांच्या उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या आणि दर दोन मिनिटांनी कपाळावर हात मारून घेत होत्या.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारले.

"बाबा, सोडिअमच्या गळ्यात दोन-दोन क्लोरीन घालतात हो मुलं. कोणाला किती हवेत हेच त्यांना दिसत नाही."

"दिसेल कसं? कागदावर आकडे असतात. घड्याळात दात असतात," सासरे म्हणाले. "चाकाचा दात दुसऱ्याच्या खाचेत बसला की झालं. थांब, तुझ्या आयनांना मी दात करून देतो."

म्हातारबुवा नुसते बोलून थांबणारे नव्हते. त्यांनी खोक्याची एक जाड फळी घेतली आणि ठोकळे कापायला बसले. ज्या आयनावर धन प्रभार, त्याला तितके दात. ज्याच्यावर ऋण प्रभार, त्याला तितक्या खाचा. सोडिअमला एक दात, कॅल्शिअमला दोन, अ‍ॅल्युमिनिअमला तीन. क्लोराइडला एक खाच, ऑक्साइडला दोन. एकही दात उघडा राहिला नाही आणि एकही खाच रिकामी राहिली नाही, की संयुग जमले. लोखंडाचा ठोकळा करताना मात्र त्यांच्या नाकी नऊ आले. त्याला कधी दोन दात लागतात, कधी तीन. शेवटी त्यांनी एका अंगाला दोन आणि दुसऱ्या अंगाला तीन दात कापले आणि वर लिहिले, 'फेरस' आणि 'फेरिक'. लोखंडाचे नाव घेताना ते कोणत्या अंगावर झोपले आहे हे सांगावेच लागते.

मग चिन्हांचे चौकोनी तुकडे झाले, आकड्यांचे झाले, आणि ते उभे करायला एक लांब फळी झाली. सगळ्यात शेवटी बाई म्हणाल्या, "आता कंस हवेत." सासऱ्यांनी फळीतून वाकडा तुकडा कापून पाहिला, तो मोडला. दुसरा कापला, तोही मोडला. सासूबाई दारातून हे पाहत होत्या. त्यांनी खिळ्यावरची चाळण काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली.

"हे घ्या. आयतंच वाकलेलं आहे."

कड्याचे दोन तुकडे निघाले, पॉलिश कागदाने घासले गेले, आणि आम्ही दोघे भाऊ झालो. सासूबाईंनी आम्हाला उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या की चाळणीपेक्षा हे काम हलके दिसते.

आता माझे काम सांगतो, नाही तर पुढची गोष्ट कळायची नाही. आधी मेजावर ठोकळे जुळवायचे आणि मग जे जमले ते फळीवर चिन्हांनी लिहायचे. कॅल्शिअमच्या दोन दातांना दोन क्लोराइड लागले, की फळीवर CaCl₂ उभे राहते. नाव घेताना धातूचे आधी आणि क्लोरीनचे नंतर. त्यातही क्लोरीनची शेपटी बदलून क्लोराइड म्हणायचे. दोन आहेत हे नावात सांगत बसायचे नाही, कारण ते दातांवरून कळतेच. या सगळ्यात माझा काही संबंध नाही. मी पेटीत पडून ऐकत असतो.

पण काही आयन एकट्या अणूचे नसतात. त्यांना मूलक म्हणतात. हायड्रॉक्साइडमध्ये ऑक्सिजन आणि हायड्रोजन एकत्र असतात. सल्फेटमध्ये एका सल्फरभोवती चार ऑक्सिजन असतात. ही मंडळी कुठेही गेली तरी सगळी मिळून जातात. अशी मंडळी एकाहून जास्त लागली, की आम्हाला बोलावणे येते. कॅल्शिअमला दोन हायड्रॉक्साइड लागतात, म्हणून Ca(OH)₂. आम्ही OH च्या दोन्ही बाजूंना उभे राहतो आणि बाहेरचा दोन आमच्या आतल्या सगळ्यांना लागू होतो. आम्ही नसलो तर CaOH₂ होते, म्हणजे ऑक्सिजन एक आणि हायड्रोजन दोन. असे काही तिथे नसतेच. आणि मूलक एकच लागत असेल, तर आमचे काम नाही. NaOH ला आम्ही हातही लावत नाही. नको तिथे नाक न खुपसणे हा आमच्या नोकरीचा मोठा भाग आहे.

पेटी शाळेत आली आणि मुलांनी तिला डोक्यावर घेतले. ठोकळे सगळ्यांनाच आवडत, पण फळीवर कंस कोणी ठेवायचे यावरून भांडणे होत. खोटे कशाला बोलू, माझी छाती फुगली होती. अशाच एका भांडणात माझा भाऊ हातातून निसटला, घरंगळला आणि कपाटाखाली गेला. बऱ्याच दिवसांनी झाडूच्या फटकाऱ्यासरशी बाहेर आला, तेव्हा तो धुळीने माखला होता. ही हकिगत बाईंनी घरी हसत हसत सांगितली. सासरे हसले नाहीत.

"सुटा भाग म्हणजे हरवलेला भाग," ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी जमिनीवर रांगत बारीक स्क्रू शोधले होते.

सुट्टीत पेटी घरी आली तेव्हा त्यांनी सरस गरम केला. OH लिहिलेला तुकडा घेतला, त्याच्या एका बाजूला मला आणि दुसऱ्या बाजूला भावाला पक्के चिकटवून टाकले. त्यांनी आम्हाला बहुतेक वेळा OH च्याच शेजारी पाहिले होते, म्हणून त्यांना वाटले की आमचे घर तेच. काम इतके सफाईदार झाले होते की आम्ही जन्मतःच चिकटलेले आहोत असे वाटावे. आता हे कधी हरवायचे नाहीत, असे म्हणून त्यांनी समाधानाने हात धुतले.

शाळा उघडली. पेटी कपाटात गेली, पण बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यांचा तास गणिताच्या सरांकडे आला. सर मोठे प्रेमळ आणि शिकवण्यात हुशार, पण रसायनशास्त्र म्हणजे त्यांच्यासाठी पाहुण्याचे घर. OH कंसांसकट आलेला पाहून त्यांनी तो त्याचा नेहमीचा पोशाख समजला. आणि त्यांना त्यात खटकण्यासारखे काहीच नव्हते. गणितात जास्तीचा कंस घातला तरी उत्तर बिघडत नाही. पाच म्हटले काय आणि कंसात पाच म्हटले काय, पाच ते पाचच.

त्यामुळे सगळा वर्ग Na(OH) लिहू लागला. एका OH भोवती दोन पहारेकरी, आणि पहारा कसला ते कोणालाच माहीत नाही. मी उभा होतो खरा, पण मला लाज वाटत होती. तिकडे सल्फेटचे हाल वेगळेच. आम्ही OH ला चिकटलेले, म्हणून सल्फेटला कंस उरले नाहीत. अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट करताना मुलांनी चाराशेजारी तीन उभा केला आणि Al₂SO₄₃ झाले. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, ऑक्सिजन त्रेचाळीस कुठून आणायचे?" सरांनी उद्या सांगतो म्हटले.

त्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे टाचणी म्हणत. अंगाने बारीक होतीच, पण नाव पडले ते गणवेशाच्या कॉलरला कायम दोन-चार टाचण्या टोचलेल्या असत म्हणून. तिची आई दूरच्या गावी कामाला होती. टाचणी मावशीकडे राहायची आणि मावशीचे शिवणकामाचे दुकान होते. टाचणीला शिवायला आवडायचे. पण तिच्या डोक्यात एक वेगळाच किडा होता. कापडाला रंग धरतो कसा आणि एखाद्या कापडाचा धुतल्यावर का जातो, हे तिला शिकायचे होते. रंगाच्या कारखान्यात कापड रंगवण्याआधी तुरटीसारखे क्षार वापरतात असे तिने कुठेतरी ऐकले होते, तेव्हापासून रसायनशास्त्राच्या तासाला ती पुढच्या बाकावर बसू लागली.

सहामाही परीक्षेत सगळ्या वर्गाने जास्तीचे कंस घातले. बाई रजेवरून परतल्या, उत्तरपत्रिका पाहिल्या आणि सगळे कंस तांबड्या शाईने छाटले. मार्कही गेले. "एकाच हायड्रॉक्साइडला कंस लागत नाही," असे त्यांनी फळ्यावर लिहून समजावले. बाकीच्या मुलांनी कुरकुर केली आणि शिकून घेतले. टाचणीने मात्र कानाला खडा लावला. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. कंस घातला की मार्क जातात, एवढेच तिने मनाशी धरले आणि पुढच्या चाचणीत एकही कंस घातला नाही. जिथे लागतात तिथेही नाही. ती नापास झाली.

दुसऱ्या दिवशी मावशी प्रयोगशाळेत आल्या. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती.

"बाई, पोरीचा हात शिवणात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "तिनं केलेलं काज बघून गिऱ्हाईक परत येतं. आणि इथं काय? आधी कंस घातला म्हणून मार्क गेले, नंतर घातला नाही म्हणून गेले. हे शास्त्र आहे की लहर?"

बाईंनी टाचणीची उत्तरपत्रिका पुढे ओढली.

"वार्षिक परीक्षेपर्यंत थांबते मी. तोंडी परीक्षेत अडकली, तर पुढच्या वर्षी शाळा नाही. मशीनवर बसू दे. माझं वय काही कमी होत नाहीये."

"मावशी, मी बसेन गं मशीनवर," टाचणी दारातून म्हणाली. "पण रंग कसा धरतो ते मला शिकायचंय."

"रंगाऱ्याकडे दिला की धरतो. आणखी कसा धरतो?" मावशी म्हणाल्या आणि निघाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. पोरीचे वर्ष वाया जाईल याची त्यांना धास्ती होती.

मावशी गेल्यावर बाईंनी कपाट उघडले. रजेवरून आल्यापासून त्यांनी पेटीला हात लावला नव्हता, फळ्यावरच भागवले होते. झाकण उघडून त्यांनी OH चा तुकडा उचलला, माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला, मला हलवून पाहिले. मी हलेना. बाई स्टुलावर बसल्याच.

"अगं बाई! हे चिकटवलेत कोणी?" आणि मग त्यांच्या लक्षात आले. घरात सरस वापरणारे माणूस एकच होते.

"टाचणी, इकडे ये. हे बघ, चूक तुझी नाही. चूक या पेटीत होती आणि मी पेटी उघडून बघितली नाही." त्यांनी हे दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गालाही सांगितले. गणिताच्या सरांनी तर मधल्या सुट्टीत येऊन टाचणीला पेढ्यासारखा एक नवा खोडरबर दिला. तिने त्याचे काय करावे हे त्यांनाही नीट माहीत नव्हते.

घरी बाईंनी पेटी सासऱ्यांसमोर ठेवली. त्यांचा चेहरा पडला.

"हरवू नयेत म्हणून केलं गं मी."

"बाबा, हरवले असते तर बरं होतं. निदान मुलांनी विचारलं तरी असतं, कंस कुठे आहेत म्हणून."

सासऱ्यांनी पेटी जवळ ओढली. मग त्यांनी डोळ्याला भिंग लावले. कोमट पाण्यात भिजवलेले फडके आमच्या सांध्यांवर ठेवले, आणि घड्याळे उघडायच्या पातळ पात्याने सरस सोडवायला लागले. आत पाळण्यात नात रडत होती, सासूबाई तिला थोपटत होत्या आणि मी जीव मुठीत धरून होतो. शेवटी मी सुटलो. पोटाकडचा एक कपचा OH ला चिकटून राहिला आणि तिथे आजही खरखरीत डाग आहे. तो दिसतो तेव्हा मुले विचारतात की याला काय चावले. भाऊ मात्र साफ सुटला आणि त्याने तो तोरा पुष्कळ दिवस मिरवला.

त्यानंतर शाळा सुटली की टाचणी प्रयोगशाळेत थांबू लागली. दात आणि खाचा जुळवण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. बारीक कामाची सवयच होती तिला. पण ठोकळे जुळवून फळीपाशी आली की घोडे अडायचे. आम्हाला हातात धरायची, आणि फळीकडे न बघता बाईंच्या तोंडाकडे बघायची.

"घालू का बाई?"

बाईंच्या भुवया जरा हलल्या की त्यावरून ती ओळखायची. हे ध्यानात आल्यावर बाईंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मग टाचणी माझ्याकडे बघू लागली. मी काय सांगणार? मला भुवयाच नाहीत. घाला, काढा, घाला, काढा, असे आमचे चालले होते. पालथ्या घड्यावर पाणी असे बाईंना वाटू लागले असावे, पण त्यांनी तसे कधी म्हटले नाही.

एक दिवस दुकानात सदऱ्यांचे मोठे काम आले होते, म्हणून टाचणीने थोडे काम शाळेतच आणले. तयार खिसे होते. प्रत्येक खिशावर एक बटण आधीच लावलेले. ती ते तीन-तीन एकावर एक ठेवायची, दोऱ्याने जुडी बांधायची आणि वर चिठ्ठी टोचायची. बाई वह्या तपासत होत्या. मेजावर अ‍ॅल्युमिनिअम सल्फेट अर्धवट पडले होते. दोन अ‍ॅल्युमिनिअमचे सहा दात, तीन सल्फेटच्या सहा खाचा, सगळे व्यवस्थित बसलेले. फक्त फळी रिकामी होती.

टाचणीने दोरा दाताने तोडला आणि तिची नजर मेजावर गेली. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग तिने तीनही सल्फेटचे ठोकळे बाहेर काढले, एकावर एक ठेवले आणि दोऱ्याने बांधले. जुडीवर तीनचा आकडा ठेवला. बाईंकडे तिने पाहिलेच नाही. पेटीतून आम्हा दोघांना उचलले आणि फळीवर Al₂(SO₄)₃ उभे केले. इतक्या ठामपणे मला आजवर कोणी ठेवले नव्हते. बाईंनी वर पाहिले, पण त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. फार हुशार बाई होत्या त्या.

परीक्षेचा दिवस आला. बाहेरच्या शाळेतून परीक्षक आले होते. उंच, किडकिडीत गृहस्थ. मूल उत्तर देऊ लागले की डोळे मिटून ऐकायची त्यांना सवय होती, त्यामुळे मुलांना ते झोपले की काय असे वाटे. आमची पेटी त्यांच्यासमोर मेजावर होती. बाईंना लांब, नळापाशी बसायला सांगितले होते आणि बोलायची मनाई होती. टाचणीची पाळी आली तेव्हा मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. दुकानात काम तुंबले होते आणि परीक्षा झाली की त्या तिला तिथूनच घेऊन जाणार होत्या.

परीक्षकांनी आधी नावे विचारली. Na₂S? सोडिअम सल्फाइड. Na₂SO₄? सोडिअम सल्फेट. FeCl₃? फेरिक क्लोराइड. टाचणीने पटापट सांगितले.

"छान. आता मॅग्नेशिअम सल्फेट बनवून दाखव."

टाचणीने मॅग्नेशिअमचा ठोकळा घेतला, दोन दात. सल्फेट घेतला, दोन खाचा. टक् करून बसला. ती फळीकडे वळली आणि तिथे तिची जुनी घाई तिच्या मानगुटीवर बसली. प्रभारांचे आकडे तिरके उतरवायचे, इकडचा तिकडे आणि तिकडचा इकडे, हे तिला पाठ होते. Mg मांडले, त्याच्या पायाशी दोन ठेवला. SO₄ मांडले. उजव्या हाताने दुसरा दोन उचलला आणि डाव्या हाताने मला.

मला तिच्या बोटांचा घाम लागला. नळापाशी बाईंनी ओढणीचे टोक मुठीत धरले होते. मित्रांनो, मी लाकडाचा तुकडा. पण त्या क्षणी मला तोंड असते तर मी ओरडलो असतो, की बाई गं, मला खाली ठेव.

परीक्षकांनी डोळे मिटले. टाचणीने एकदा मेजावरच्या ठोकळ्यांकडे पाहिले. एक मॅग्नेशिअम, एक सल्फेट. दुसरे कोणी नव्हतेच तिथे. तिने मला अलगद मेजावर ठेवले. दोनाचे दोन्ही आकडे पेटीत टाकले. फळीवर MgSO₄ राहिले, सुटसुटीत.

परीक्षकांनी डोळे उघडले. "कंस उचलला होतास ना? मग काढलास का?"

टाचणी गडबडली. मग तिने कॉलरची टाचणी चाचपली आणि बोलायला लागली. "सर, आमच्या दुकानात खिशाला बटण आधी लावतात आणि मग खिसा सदऱ्याला लावतात. तीन खिसे असले की आम्ही जुडी बांधतो आणि वर तीन लिहितो. ते तीन जुडीचे असतात, नुसत्या बटणाचे नाही. कंस म्हणजे जुडीचा दोरा. इथे सल्फेट एकच आहे. एका खिशाची जुडी कशाला बांधायची?"

"अगं, हे तर मी शिकवलं तुला!" दारातून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिले. मावशी भान विसरून दोन पावले आत आल्या होत्या. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला.

"आपण कोण?"

"मी हिची मावशी. जुडी बांधायला मीच शिकवलंय. विचारा हिला."

"तुम्ही दोघींनी मिळून शिकवलं म्हणायचं," परीक्षक नळाकडे बघत म्हणाले. बाई हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. "उत्तम. फार उत्तम. जा तू. पुढचा कोण आहे?"

टाचणी दारापाशी गेली. बाईही पाठोपाठ गेल्या. मी मेजावर होतो तिथून मला सगळे ऐकू येत होते. टाचणीने दप्तर खांद्यावर घेतले आणि म्हणाली, "चल मावशी. काम तुंबलंय ना?"

मावशी जागच्या हलल्या नाहीत. गळ्यातली टेप त्यांनी बोटाभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"बाई," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीची पुस्तकं आत्ता मिळतात का हो? म्हणजे सुट्टीत तिला जरा वाचून ठेवता येतील."

टाचणीने दप्तर तिथेच खाली टाकले आणि मावशीला मिठी मारली. "अगं, टोचतील टाचण्या!" मावशी ओरडल्या, पण त्यांनी तिला सोडवले नाही.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस तो. आणि त्या वेळी मी फळीवर नव्हतोच. एका मुलीने विचार करून मला बाजूला ठेवले होते आणि मी मेजावर आडवा पडलो होतो. फळीवर उभे राहून मला जो मान कधी मिळाला नाही, तो मला त्या दिवशी पडून मिळाला.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या शाळेतही कुठल्या तरी कपाटात अशी एखादी पेटी असेल. ती अधूनमधून उघडा, तुकडे फडक्याने पुसा, आणि जागच्या जागी ठेवा. त्यातला एखादा तुकडा बरेच दिवस कामाला आला नाही, तर हरवेल या भीतीने त्याला कुठे चिकटवू नका, आणि निकामी समजून फेकूही नका. आमच्यासारख्यांना बाजूला ठेवलेले चालते, रोज चालते. फक्त ठेवताना तुम्हाला माहीत असू द्या की का ठेवले.